खाडीकाठच्या खेमेन्टेला दिलेला शब्द

उट्रेख्तला एक प्रदर्शन भरलं होतं, दुसऱ्या देशात जाऊन राहायची हौस असणाऱ्यांसाठी. बुइटनव्हेल्डर्ट या डच वस्तीत राहणारे आम्ही आधीच परदेशात आलेले. पण बाहेर पाऊस होता आणि आत कॉफी फुकट, नवऱ्याला एवढं कारण पुरलं.

तिथे नॉर्वेतल्या एका खेमेन्टेचा, म्हणजे नगरपालिकेचा, स्टॉल होता. नगरपालिका आपली नावाला. प्रत्यक्षात फ्योर्डच्या काठाने विखुरलेली चिमुकली गावं. एका गावात दुकान, दुसऱ्यात डॉक्टर, तिसऱ्यात शाळा. स्टॉलवरच्या बाई मूळच्या डच, तिकडे जाऊन रमलेल्या. मुलं कमी पडली तर शाळा बंद होईल, म्हणून कुटुंबं शोधतोय, म्हणाल्या. आमच्या लेकीकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी तिचा हात घट्ट धरला.

नवरा कोकणात वाढलेला. "अगं, फ्योर्ड म्हणजे खाडीच की!" म्हणत त्याने होडी कुठून सुटते, मासे कुठले मिळतात, सगळं विचारून घेतलं. निघताना तर कमालच केली. आपल्यात निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत. पठ्ठ्याने त्याचंच डच करून ठेवलं, "वे कोमेन!" येतो आम्ही. बाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, आमचा नंबर आणि लेकीचं नाव लिहून घेतलं. मला वाटलं, काय प्रेमळ बाई आहे.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन. गावाने आमच्यासाठी घर झाडूनपुसून ठेवलंय, शाळेतल्या मुलांनी कोट अडकवायच्या खुंटीवर लेकीचं नावसुद्धा लिहिलंय! मी 'येतो'ची सगळी रामकहाणी सांगितली. बाई पोटभर हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "मग नाव पुसायला सांगू का?"

फोन स्पीकरवर होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. "सांग, चुकून बोलला म्हणून," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला होता. झुइडासच्या टॉवरमधल्या ऑफिसात रोज हसत जाणारा हा माणूस सुखात आहे, असं मी धरून चालले होते. मला त्याची फार माया आली, आणि रागही. असलं काही मनात असेल तर आधी बायकोला सांगावं, खेमेन्टेला नव्हे!

"पुसू नका," मी बाईंना म्हटलं. "आमच्याकडच्या मेच्या सुट्टीत राहून बघतो. लेक तुमच्या शाळेत बसेल. मग काय ते ठरवू."

फोन ठेवल्यावर नवरा उठला, चहा टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी न सांगता त्यात मला आवडतं तसं आलं किसून घातलं.