दिसणारा रफू
तीस वर्षं मावशी एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून रफू करत होत्या. सिगरेटनं जळालेली कोटाची बाही, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्यात अडकून फाटलेली पँट. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून त्या भोक असं भरायच्या की नंतर त्यांनाही ते शोधावं लागे. पुढं लोक फाटलेलं टाकून नवं घ्यायला लागले. मागच्या खोलीत कपडे धुण्याचं आणखी एक मशीन आलं आणि मावशी घरी बसल्या.

आठ वर्षांनी वाचनालयात नोकरी करणारी भाची आली. "मावशी, दर शनिवारी आम्ही लोकांना हातकाम शिकवतोय. रफूसाठी तू ये ना."

"रफू शिकायला कोण येणारेय? उगाच चेष्टा नको करूस माझी."

पण चांगले अकरा जण आले. एक मुलगी निळ्या जीन्सवर केशरी दोऱ्यानं टाके घालत होती. मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं, हे काय कुंपण घातलंस? दिसला तर तो रफू कसला!"

"मावशी, हल्ली दिसणाराच आवडतो सगळ्यांना."

टेबलाच्या टोकाला एक निवृत्त बसड्रायव्हर बसले होते. पुढ्यात बायकी राखाडी स्वेटर, कोपराशी पार विरलेला. सुई त्यांच्या जाडजूड बोटांत ठरत नव्हती.

"द्या इकडं," मावशी म्हणाल्या. "दहा मिनिटांत करते. कळणारसुद्धा नाही."

"नको," ते म्हणाले. "हिचा आहे. मागच्या वर्षी गेली. चाळीस वर्षांत मी तिला साधं बटणही लावून दिलं नाही. एवढं तरी माझ्या हातानं होऊ दे."

मावशी शेजारी बसून सांगू लागल्या. आधी उभे धागे, मग आडवे. एकाच्या वरून, एकाच्या खालून. रफू कसला, गाठोडंच होत चाललं होतं. एकदा ते पाणी प्यायला उठले, तेव्हा मावशींना राहवेना. त्यांनी स्वेटर ओढून घेतला, दोन ओळी उसवायला सुई घातलीही. मग त्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि स्वेटर होता तसा ठेवून दिला.

चौथ्या शनिवारी काम संपलं. ड्रायव्हरसाहेबांनी स्वेटर अंगात घालून पाहिला. बाह्या मनगटाच्या वीतभर अलीकडेच थांबल्या. सगळे हसले. तेही हसले, हसता हसता डोळे पुसले आणि तसेच घरी गेले.

पाचव्या शनिवारी ते पुन्हा हजर, हात हलवत.

"आज काय फाटलंय?" मावशींनी विचारलं.

"काहीच नाही. पण शनिवार आला, आणि पाय आपोआप इकडं वळले."

मावशींनी पिशवीतून एक नवाकोरा रुमाल काढला. उभ्या जन्मात त्यांनी धडक्या कापडाला मुद्दाम भोक पाडलं नव्हतं. आता कात्रीनं मधोमध पाडलं आणि रुमाल त्यांच्यापुढं सरकवला.

"बसा," त्या म्हणाल्या.