जाळीपलीकडचे नर

नवऱ्यानं दुसरी केल्यावर मी मानवतजवळ भावाकडे येऊन राहिले. भावजय म्हणाली, "काम धरलंस तर राहा. न्हाईतर तुझा भाऊ तुला पोचवून येईल." पाथरीला नवऱ्याच्या घरी मला परत जायचं नव्हतं.

गावाबाहेर रेशमाची अंडी तयार करायचं केंद्र होतं. तिथं मला कामावर घेतलं. साहेब म्हणाले होते, ही खेप नीट निघाली तर ठेवून घेऊ.

कोष फोडून पाखरं पहाटे बाहेर येत. साहेब आधीच हलके कोष नरांचे, जड माद्यांचे असे निवडून दोन खोल्यांत ठेवत. मादी जागची हलत नाही. शेपटीचं टोक बाहेर काढून बसते, तिथून वास सुटतो. आपल्याला तो येत नाही. नराला येतो, मग तो पंख फडफडवत गोल गोल फिरत तिच्यापर्यंत जातो. जोड्या लावायच्या, तीन-चार तासांनी सोडवायच्या आणि मादीला कागदावर अंडी घालायला ठेवायचं, एवढं माझं काम.

त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या नावावरून बंद झाला. एसटी थांबली. साहेब परभणीत अडकले आणि नरांच्या खोलीची किल्ली त्यांच्याजवळ.

सकाळी माद्या निघाल्या आणि टोकं काढून बसल्या. नरांच्या दाराला बारीक जाळी होती. मला वाटलं, जवळ ठेवल्या तर काही होईल, म्हणून मी माद्यांचे ट्रे दारापाशी नेले. आतले सगळे नर एकदम जाळीवर आले. एवढे फडफडले की पंखांची भुकटी माझ्या पदरावर पडली. मी घाबरून ट्रे मागं ओढले. मग काय करावं ते सुचेना, म्हणून पुन्हा पुढं ढकलले.

फाटकावर राखणदार मामा होते.

"मामा, कुलूप तोडता का?"

"पाखरांचं लगीन लावायला मी काय भटजी हाय का? तूच तोड. मी बघितलं न्हाई म्हणतो."

सरकारी कुलूप. तो दिवस मी नुसती बसून काढला.

दुसऱ्या दिवशीही गाडी नव्हती. काही माद्यांनी तशीच अंडी टाकायला सुरुवात केली. नराशिवायची ती फुकट जाणार, हे मला ठाऊक होतं. दुपारी मी तुती कापायचा विळा घेतला आणि जाळी हातभर फाडली. नर वेचून वेचून माद्यांजवळ ठेवले. घाईत दोन नर चिरडले. पण जोड्या लागल्या.

साहेब आले ते चार दिवसांनी. त्यांची नजर आधी जाळीवर गेली.

"ही कुणी फाडली?"

मी काही म्हणायच्या आत मामा म्हणाले, "उंदरानं, साहेब. लय झालेत."

मामा मला वाचवायलाच तसं बोलले. साहेबांनी कागद उजेडात धरले. फळलेली निम्मी अंडी राखाडी झाली होती, निम्मी पिवळीच, वांझ राहिली होती.

"उंदरानं वाट केली म्हणून नर आपले आपण बाहेर आले, तेवढं तरी हाती लागलं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही चार दिवस काय केलंत?"

मामा माझ्याकडे बघत होते. जाळी मीच फाडली, एवढंच मला म्हणायचं होतं; पण मग मामा खोटे पडले असते.

साहेबांनी मला ठेवून घेतलं नाही. त्या रविवारी भाऊ मला पाथरीच्या गाडीत बसवायला आला.