होळीतून वाचलेल्या पऱ्हाट्या

सहा पाय असले तर कीटक, आठ असले तर नाही. हिंगोलीच्या वर्गात शिकलेलं हे पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. माणसाला दोनच पाय. त्याची जात कशावरून ओळखायची, हे मात्र तिथं कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं भलं झालं असतं.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. शेतकी खात्याने लिहितावाचता येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी किड्यांचा एक आठवड्याचा वर्ग काढला होता. आदल्या साली बोंडअळीने आमच्या शिवारातला निम्मा कापूस खाल्ला होता, म्हणून गावाने मला धाडलं. शिकवणारे गृहस्थ काळ्या शेरवानीतले, अर्धं उर्दूत आणि अर्धं मराठीत बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी विंचू, कोळी, घोण, नाकतोडा आणि खेकडा अशा बरण्या मांडल्या आणि म्हणाले, "ये सब एकच खानदान." सगळ्यांच्या पायांना सांधे, हाड आत नाही, कवच वरून, आणि वाढायचं तर प्रत्येकाला कात टाकावी लागते. मागून एक म्हातारा बोलला, "म्हंजी भावकीच की! मंग एकमेकाला खातेत ते बराबर हाय." सगळे हसले. मीही हसलो.

शेवटच्या दिवशी त्यांनी कापसाचं एक न फुटलेलं, वाळकं बोंड फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी अंग चोरून निजलेली. उन्हाळाभर ती अशीच निजते, पाऊस झाला की पाखरू होऊन उडते आणि नव्या कापसावर अंडी घालते. म्हणून वेचणी संपली की कापसाची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून साऱ्या गावाने जाळायच्या. एका घराने ठेवल्या तरी पाखरू काही त्याच घरचं शेत बघून बसत नाही.

घरी आलो तो हे सगळं ज्ञान पोटात मावेना. गावातले लोक ऐकायचे आणि जांभया द्यायचे. मन लावून ऐकलं ते एकट्या माझ्या बायकोनं. तिला अक्षर येत नव्हतं, पण म्हशीच्या कासेवरचा गोचीड काढून तिनं हातावर घेतला, पाय मोजले आणि म्हणाली, "ह्याला आठ हायेत. म्हंजी हा तुमच्या किड्यातला न्हाई." माझा ऊर भरून आला. रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती काहीतरी विचारायची आणि मी सांगायचो. तिच्याइतका विश्वास माझा दुसऱ्या कुणावर नव्हता, हे इथंच सांगून टाकतो.

पऱ्हाट्या जाळा म्हणणं सोपं. आमच्याकडं चूल पेटते ती पऱ्हाट्यांवर, घराच्या भिंतीचा कूड उभा राहतो तोही पऱ्हाट्यांचा. पावसाळ्याचं सरपण म्हणून प्रत्येकाच्या दाराशी त्यांची गंज लागलेली असते. तरी मी हट्टाला पेटलो. औंढ्याला जाऊन नागनाथाचा बेल आणला, मारुतीच्या पारावर गाव गोळा केलं आणि एकेका घरच्या कर्त्या पुरुषाकडून बेलभंडारा उचलून घेतला. शपथ एकच: यंदा होळीत सगळ्या पऱ्हाट्या जातील, एक काडी मागं राहणार नाही. पहिला बेल मी उचलला, दुसरा माझ्या थोरल्या भावानं. तो वेगळा राहत होता, पण शब्दाचा पक्का म्हणून त्याची ख्याती.

आता माझं शहाणपण ऐका. आमच्याकडं होळीला पोरं कुणाच्याही दारचं लाकूड पळवतात आणि घरधन्यानं चार शिव्या देऊन गप्प बसायचं असतं. त्यामुळं होळी जवळ आली की सरपण हलवून ठेवणं हे बायकांचं दर सालचं काम. पिढ्यान्‌पिढ्या ज्या सणाला लोक सरपण लपवतात, नेमका तोच सण मी सरपण जाळायला निवडला!

होळीआधीच्या बाजारी मी हिंगोलीहून परतलो तर आमची गंज निम्म्यावर आलेली. बायको म्हणाली, "पोरांनी नेल्या." मी खूशच झालो. नेऊ देत, जाणार तर होळीतच. उरलेल्या मी स्वतः डोक्यावरून वाहिल्या. गावातल्या इतर गंजाही उतरलेल्या दिसल्या आणि मला वाटलं, गाव सुधारलं. होळी अशी भडकली की पाराजवळ उभं राहवेना. थोरल्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मला केवढं बरं वाटलं होतं.

आषाढात झड लागली. गवऱ्या ओल्या, चूल नुसती धुमसायची. एका संध्याकाळी घरात आलो तर चूल कशी फुललेली, आणि बायकोच्या शेजारी पऱ्हाट्यांची पेंडी. वाळलेल्या, खणखणीत. एका काडीला बोंड तसंच होतं. मी ते फोडलं. आत गुलाबी अळी.

"ह्या कुठून आल्या?"

"थोरल्या जाऊबाईनं दिल्या," ती खाली बघून म्हणाली.

मी तसाच भिजत भावाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर गेलो. शेतातल्या त्याच्या गोठ्यात कडब्याच्या मागं पऱ्हाट्या छताला टेकल्या होत्या. एका घरच्या नव्हेत, चांगल्या आठदहा घरच्या असतील. माझं टाळकं फिरलं. "दादा, नागनाथाचा बेल उचलला हुतास तू! भावाचा असा गळा कापतेत?"

तो बैलाला वैरण टाकत होता. हातातली पेंडी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, लाजला. पण तो लाजला नव्हता, त्याला माझी कीव आली होती.

"तुला खरंच ठाव न्हाई व्हय? आरं, सगळ्यात आधी तुज्याच घरच्या आल्या. तू बाजारला गेला त्या दिशी. तुज्या बायकोनं आणून टाकल्या. ते बघून बाकीच्या बाया आल्या. ज्यानं बेल उचलायला लावला त्याच्याच घरच्या निघाल्या, मंग आमीच काहून जाळाव्यात?"

म्हणजे चार महिने सारं गाव मलाच लबाड समजत होतं. पारावर मी अळीच्या गोष्टी सांगायचो आणि लोक माना डोलवायचे, त्या माना आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो. ती भाकरी शेकत होती. मी विचारलं, "बोंडात अळी निजती, हे तुला ठाव नव्हतं?"

"ठाव हुतं. तुमीच शिकवलं की."

"मंग?"

"म्या म्हणलं, सारं गाव जाळून राहिलंय, आपल्या थोडक्या राहिल्या तर काय हुतंय. पावसात चूल कशावर पेटवावी?" मग भाकरी उलटून ती म्हणाली, "आन् बेल तुमी उचलला. मला कुणी इचारलं?"

तिचं म्हणणं खरं होतं. पण खरं म्हणून घाव कमी होत नाही. भावानं फसवलं असतं तर मी भावकी म्हणून सोडून दिलं असतं. हिनं गोचिडाचे पाय मोजले होते. भूक लागली होती, म्हणून त्या पऱ्हाट्यांवर भाजलेली भाकरी मी खाल्ली, पण तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळचे ते प्रश्न आणि उत्तरं त्या दिवसापासून बंद झाली.

दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीला ती माझ्या पुढच्या ओळीत होती. मी मागून बघत होतो. तिनं एक कवळं बोंड हातात घेतलं, नखानं उकललं, आत बघितलं. आतली गुलाबी अळी मला मागूनही दिसली. मग मागं न बघता तिनं ते बोंड हळूच ओटीत, कापसाच्या खाली सारलं आणि पुढच्या झाडाला हात घातला.

तेही तिनं लपवलंच.