विमानाच्या नाकाखालचे दोन डाग

या मुंबईत धडधाकट माणसाचा रक्तदाब वाढवण्याचं काम कुणी मनापासून करत असेल, तर तो माझा साडू. मी हे रागाने म्हणतोय आणि राग अजून पुरता गेलेला नाही. हा मनुष्य महापालिकेच्या पाणी खात्यात नोकरी करतो, लालबागच्या चाळीत दीड खोलीत राहतो, आणि त्यातली अर्धी खोली त्याने विमानांना दिली आहे. विमानं खेळण्यातली नव्हेत. असं कुणी म्हटलं तर तो चहाचा कप खाली ठेवून पहिल्यापासून समजावायला बसतो. परदेशातून प्लॅस्टिकच्या भागांचं किट येतं, ते भाग घासायचे, जोडायचे, रंगवायचे आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं एखादं जेट विमान हुबेहूब, पण एकशे चव्वेचाळीस पटीने लहान उभं करायचं. एवढंच तर आहे. पण या 'हुबेहूब' शब्दाने आमच्या दोन्ही कुटुंबांचं आयुष्य नासवलंय.

लग्नानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकांना रीतसर अहो-जाहो करत होतो. मग एका रविवारी मी कपाटातलं एक विमान कौतुकाने उचललं आणि हा आतल्या खोलीतून ओरडला, "ठेव! तुझ्या बोटाचं तेल लागेल!" तेव्हापासून आम्ही अरे-तुरेवर आहोत. माझ्या बोटांना तेल असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे जाणं हीच एक शिक्षा आहे. भर मे महिन्यात दार उघडताच मेहुणी कानात सांगते, "पंखा लावू नका हं, रंग ओला आहे." पंख्याने धूळ उडते आणि ओल्या रंगावर बसते म्हणे. मग सहा माणसं घामाने निथळत बसतात आणि मध्ये टेबलावर ते विमान ऐटीत वाळत असतं. मी एकदा वर्तमानपत्राने वारा घेतला तर त्याने वर्तमानपत्र काढून घेतलं. आणि परत दिलं नाही.

बरं, हे घरापुरतं असतं तरी मी गप्प बसलो असतो. माझी मुलगी शिकायला परदेशी निघाली तेव्हा मी हौसेने विमानाचा केक आणवला. सगळे टाळ्या वाजवायला उभे, मुलीच्या हातात सुरी, आणि हा केकपुढे वाकून म्हणतो, "थांबा. याला चार इंजिनं पंखाखाली आहेत, मग शेपटीवर पाचवं कुठून आलं?" मुलगी बिचारी सुरी धरून थांबली. शेवटी माझ्या बायकोने पाचवं इंजिन चमच्याने काढून त्याच्याच तोंडात कोंबलं, तेव्हा केक कापला गेला. त्याच्याच गल्लीतल्या मंडळाने एका वर्षी गणपती विमानात बसवला, तर या गृहस्थाने कार्यकर्त्यांना अकरा मुद्द्यांचं निवेदन दिलं. पंख पस्तीस अंश मागे हवेत, चाकं एवढी जाड नकोत, वगैरे. कार्यकर्ता शहाणा होता. म्हणाला, "काका, बाप्पा बसलेत ना? उडेल बरोब्बर." साडू दहा दिवस त्या रस्त्याने गेला नाही, मागच्या गल्लीतून वळसा घालून ऑफिसला जायचा.

पण या सगळ्याच्या वरताण ठरलं ते त्याच्या वडिलांचं विमान. वडील विमान कंपनीच्या हँगरमध्ये पत्र्याचं काम करायचे. साडू कॉलेजात असतानाच ते गेले. मागे राहिला एक कृष्णधवल फोटो. चार इंजिनांचं, 'सातशे सात' जातीचं जुनं विमान, त्याच्या नाकाखाली हात मागे बांधून उभे असलेले तरुण वडील, आणि कोपऱ्यात अर्धी दिसणारी शिडी. त्या जातीचं कुठलंही एक विमान साडूला चाललं नसतं. त्याला नेमकं तेच, त्याच दिवशी होतं तसं हवं होतं. गेली सहा वर्षं तो ते करत होता. फोटोत रंग नाही, म्हणून खिडक्यांवरचा पट्टा नेमका कुठला लाल हे ठरवायला सात छटांचा कागद खिशात घालून तो गावभर हिंडला. माझ्या घरी येऊन त्याने तो कागद माझ्या बायकोच्या कपाळाजवळ धरला. "तुझ्या टिकलीच्या जवळ जातोय," म्हणाला, "पण तुझी टिकली किंचित चुकलीय." माझ्या बायकोने त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, हा तिचा मोठेपणा.

लालही एकदाचा सुटला. मग अडलं ते फोटोतल्या दोन डागांपाशी. विमानाच्या नाकाखाली एक गडद डाग आणि त्याला लागूनच एक फिका. साडूचं मत पडलं की ते गळलेलं तेल. पण तिथून तेलाची नळीच जात नाही, मग गळलं कुठून? याने जगभरच्या आपल्यासारख्याच माणसांना पत्रं पाठवली. कुठल्या तरी थंड देशातल्या निवृत्त इंजिनिअरने चार पानी उत्तर धाडलं, दुसऱ्या एकाचं म्हणणं पक्षी आदळला असावा. दीड वर्ष हे चाललं. विमान तयार, पट्टा तयार, खिडक्या तयार, आणि डागांचा निकाल लागेपर्यंत ते कपाटात कुलूपबंद.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो. साडूच्या आई त्याच घरात असतात. मालवणकडच्या, वयाने पंचाहत्तरीच्या पुढे, स्वभावाने खमक्या. त्यांच्या डोळ्यांचा मागचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनने होण्यासारखं नाही, वर्षभरात जे बघायचं ते बघून घ्या. नातवंडांनी विचारलं, आजी, काय बघायचंय? त्या म्हणाल्या, "माका ह्यांचा विमान एकदा बघूचा आसा." आणि त्यांचा मुलगा ते विमान चार हातांवर कपाटात ठेवून डागांची चर्चा करत होता! मी एकदा न राहवून त्याच्यावर ओरडलोच, "अरे, त्या माऊलीचे डोळे जाताहेत आणि तू डाग कसले मोजतोस?" तो शांतपणे म्हणाला, "चुकीचं दाखवू? आयुष्यभर तिला सगळं जवळपासचंच मिळालं रे. स्वतंत्र घर म्हणता म्हणता ही खोली, काशीला नेतो म्हणता म्हणता ठाण्याचं देऊळ. एक तरी गोष्ट बरोब्बर मिळू दे तिला." त्याचं म्हणणं बरोबर निघालं की मला जास्तच राग येतो.

गेल्या दसऱ्याला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. त्या घरात दसऱ्याला पाटावर हत्यारं मांडतात. साडूचा चिमटा, कानस, रंग फवारायचं यंत्र, मेहुणीची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. विमानांना मात्र मनाई. त्यांच्या हातभर जवळ हळदीची वाटी नेली तरी हा किंचाळतो. आई पाटापुढे बसल्या होत्या, वस्तू चाचपत होत्या, आणि कात्रीला कानस समजत होत्या. ते बघून माझं डोकं फिरलं. साडू न्हाणीघरात होता. किल्ली कुठे असते मला ठाऊक होतं. मी कपाट उघडलं, तेलकट बोटांनीच ते विमान उचललं आणि त्यांच्यापुढे पाटावर ठेवलं. "आई," म्हटलं, "बघा, बाबांचं विमान."

त्या खूप वाकल्या. नाक टेकेल इतक्या जवळून शेपटीपासून पुढपर्यंत बघत आल्या. मला वाटलं, झालं, दिसलं त्यांना, आपण पुण्य केलं. तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला, आणि दसऱ्याच्या दिवशी पाटावर असलेल्या वस्तूला कुठलीही बाई जे करील ते केलं. वाटीत बोट बुडवून आधी हळद, मग दुसऱ्या बोटाने कुंकू, विमानाच्या नाकावर चांगलं दाबून लावलं. त्या पांढऱ्याशुभ्र रंगावर, जो वाळावा म्हणून आम्ही दोन उन्हाळे पंख्याशिवाय काढले होते.

साडू पंचा गुंडाळून बाहेर आला आणि त्याने जी आरोळी ठोकली ती खालच्या वाण्याने ऐकली असावी. "कोणी काढलं बाहेर? अरे, सहा वर्षं! सहा वर्षं घालवली मी!" मेहुणी ओला कपडा घेऊन धावली तर तिच्यावर ओरडला, "पुसू नकोस, पसरेल!" मी पुढे होऊन म्हटलं की गुन्हेगार मी आहे, तर माझ्याकडे त्याने अशा नजरेने बघितलं की मी मागच्या मागे दारापर्यंत सरकलो. आईंनी एवढ्या गोंधळात झेंडूचं फूलही विमानाच्या पाठीवर ठेवलं होतं.

"मेल्या, वरडतंस कित्याक?" त्या म्हणाल्या. "दसऱ्याक विमानाची पूजा करूक नको? तेव्हा पण मीच केलेलंय."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"लगीन होवन पयलो दसरो. हँगरात सगळ्यांच्या बायका-पोरांका बोलावलेले. तुझ्या बापाशीन शिडी धरलेली, मी नवा पातळ सावरीत वर चढलंय. आदी हळद, मगे कुंकू. शिडी हलत होती, थोडा खाली ओघळला. मगे फोटो काढलो. फोटोत मी नाय, माझे हात भरलेले ना."

साडू तसाच, पंचा धरून, भिंतीवरचा फोटो काढायला गेला. भिंगातून बघत किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. गडद डाग, आणि त्याला लागून फिका. कुंकू आणि हळद. कोपऱ्यात शिडी. जगभर पत्रं धाडून जे कळलं नाही ते त्याच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्याशी, रोज तांदूळ निवडत बसलेलं होतं.

"आये, सांगितलंस का नाही?" तो म्हणाला.

"माका कधी इचारलंस?" त्या म्हणाल्या.

माझ्यावरचा राग साडूने महिनाभर धरला, मग तो विसरला. डाग मात्र त्याने पुसले नाहीत. खरं तर त्याच्या शास्त्राप्रमाणे ते साफ चुकीचे आहेत. विमान एकशे चव्वेचाळीस पटीने लहान आणि आईंचं बोट खऱ्या मापाचं, म्हणजे हिशेबाने तो कुंकवाचा ठिपका माणसाच्या छातीइतका उंच भरतो. दादरच्या एका हॉलमध्ये त्याच्यासारख्या वेड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे एका चष्मेवाल्याने हे त्याला ऐकवलं. मी मनात म्हटलं, आता निवेदन, आता अकरा मुद्दे. पण साडू नुसता "हो, माहीत आहे" म्हणाला आणि विमानाचं नाक त्याच्याकडे आणखी थोडं वळवून ठेवलं.

परवा मी गेलो तेव्हा आई खिडकीशी बसल्या होत्या. आता त्यांना उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही. मांडीवर ते विमान होतं आणि त्यांचं बोट नाकावरच्या त्या ठिपक्यांवरून फिरत होतं. बोटाला तेल असणारच. डोक्यावर पंखा चालू होता, तोही जोरात. साडू शेजारी बसून दुसऱ्या कुठल्याशा विमानाची चाकं घासत होता.

"खिडक्यांवर पट्टो आसा मा रे?" त्यांनी विचारलं.

"आसा गे आये."

"खयचो लाल?"

मी सरसावून बसलो. सात छटांचा तो कागद अजून त्याच्या खिशात असतो हे मला माहीत आहे, आणि या प्रश्नावर तो पाऊण तास बोलू शकतो हेही मी भोगलेलं आहे.

"कुंकवाचो," साडू म्हणाला, आणि पुन्हा चाकं घासायला लागला.