तळ्यात ओतलेला गडू

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत मासा हा शब्द कानावर पडला तरी चूळ भरणारी माणसं आहेत. त्याच गल्लीतल्या प्रभावतीकाकूंनी नवरा गेल्यावर रामनगरजवळ तळं घेतलं आणि रोहू पाळले! जन्मात मासा चाखला नाही, पण काठावर टाळी वाजवली की रोहू वर यायचे आणि काकूंचा जीव सुपाएवढा व्हायचा. मणिकर्णिकेवर क्रियाकर्म करणारे त्यांचे दीर नरहर म्हणायचे, "वहिनी, मुलं नाहीत म्हणून काय मासे?"

"तसंच समजा, भाऊजी."

यंदा तळ्यात रोग शिरला. माशांच्या अंगावर लाल फोड, शेपट्या झडलेल्या. अँटिबायोटिक दिलं, रोग त्यालाही पुरून उरला. टाळी वाजवली तरी पाणी हलेना.

गंगेत जंतू खाणारे विषाणू असतात, असं काकूंनी ऐकलं होतं. झालं! स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी देव्हाऱ्यात जपलेला गंगेचा सीलबंद गडू त्यांनी फोडला आणि तळ्यात रिता केला. नरहर घरी बसून अरेरे करत राहिले. मासे मरायचे ते मरतच राहिले.

"काकू, अहो असं नसतं," शेजारची ऋता म्हणाली. ती विद्यापीठात माशांच्या रोगांवर काम करते. "त्या विषाणूला फेज म्हणतात, आणि तो भारी चोखंदळ. ज्याचा त्याचा जंतू ठरलेला. तुमच्या रोगाचा वैरी मिळालाच तर तुमच्याच घाणीत मिळेल. मेलेले मासे ज्या खड्ड्यात टाकलेत ना, तिथला गाळ द्या. मासेही द्या."

मेलेला मासा काकूंनी कधी हाताने उचलला नव्हता, जाळीनेच काढायच्या. नाकाला पदर लावून त्या खड्ड्यात उतरल्या. कुजका मासा तळहातावर घेतला आणि किळस राहिली बाजूला, रडूच फुटलं. "माझ्या जिवावर होतात रे," म्हणाल्या आणि डबे भरले.

ऋताने त्यातून फेज शोधला, प्रयोगशाळेत वाढवला, खाद्यात कालवून दिला. "लागू पडेलच असं नाही हं काकू," तिने बजावलं होतं. पण मरणारे मासे हळूहळू कमी झाले.

एका सकाळी काकूंनी भीतभीत टाळी वाजवली. एक डोकं वर आलं. मग दुसरं. मग सगळं तळंच खळबळलं.

मागे नरहर उभे होते, हातात नवा गडू. तळ्यावर ते पहिल्यांदाच आले होते. "वहिनी, तुमचा घोट. पुन्हा भरून आणलाय."

"देव्हाऱ्यात ठेवा, भाऊजी. मला इतक्यात मरायचं नाहीये."

नरहरांनी गडू काठावर ठेवला. इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच टाळी वाजवली.