नऊ सह्या आणि पिरोगीचं पातेलं

एकतीस वर्षं बर्नडीन हुडाकने पाचव्या वॉर्डात सह्या गोळा केल्या, आणि तिचा कागद एकदाही बाद झाला नाही. नगर परिषदेला उभं राहायचं तर वॉर्डातल्या पन्नास मतदारांच्या सह्या लागतात. भाषणं ठोकायला सगळे पुढे. दारोदार फिरायचं म्हटलं की एकेकाचे गुडघे दुखायला लागतात. मग आहेच बर्नडीन. सत्तरी उलटली तरी बाई कागद बगलेत मारून निघते.

यंदा मात्र तिची झोप उडाली होती. सहा नंबरचं अग्निशमन केंद्र बंद करायच्या विरोधात परिषदेत एकटा रॉस्को टिलमन होता, शाळेची बस चालवणारा साधा माणूस. यंदाचा कागद त्याचाच. त्याच्यासमोर उभा राहिलेला प्रुइट म्हणत होता, केंद्र बंद करून खर्च वाचवू. कसला डोंबलाचा खर्च! बर्नडीनच्या नवऱ्याचं, एमिलचं, आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं, आणि आता तो नाकात ऑक्सिजनची नळी घालून खुर्चीत बसून असतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा श्वास अडकला तेव्हा सहा नंबरची गाडी ऑक्सिजन घेऊन चार मिनिटांत दारात होती. दुसरं जवळचं केंद्र रेल्वे फाटकापलीकडे. मालगाडी आडवी लागली की वीस मिनिटं तिथेच. रॉस्कोचं नाव मतपत्रिकेवर आलं नाही, तर प्रुइट बिनविरोध आणि केंद्राला कुलूप. बर्नडीनला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

घोळ झाला शुक्रवारी. ईस्टरआधीचे उपवास चालू होते, म्हणजे चर्चच्या तळघरात तळलेली मासळी, पिरोगीच्या उकडलेल्या करंज्या आणि अख्खा वॉर्ड रांगेत. बर्नडीनने दारापाशी टेबल मांडलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, ‘‘बर्नी, पिरोगी पातेल्यात फुटायला लागल्यात, बघ काय ते.’’ त्या चर्चमध्ये पीठ कळतं ते फक्त तिला. ती धावली. दहा मिनिटांनी परतली तर कागदावर नऊ नव्या सह्या. रांगेतली माणसं बिचारी आपणहून करून गेली होती. तेव्हा तिला बरंच वाटलं.

सोमवारी सकाळी, कागद द्यायच्या शेवटच्या दिवशी, ती मागच्या बाजूचा मजकूर भरायला बसली. ‘या सर्व सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या आहेत.’ खाली ठळक अक्षरांत, खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. एकतीस वर्षं ती त्याखाली न वाचता सही ठोकत आली होती. आज हात थबकला. शुक्रवारी ती स्वयंपाकघरातून आली तेव्हा टेबलाशेजारी ताट घेऊन प्रुइटचा मेहुणा उभा होता. त्याने हूं की चूं केलं नव्हतं, आणि तेच तिला खात होतं.

‘‘काय झालं?’’ एमिलने विचारलं.

तिने सगळं सांगितलं. ‘‘माझ्या माघारी झालेल्या सह्या आहेत, एमिल. अख्खा कागद बाद करतील.’’

‘‘मग खोड त्या.’’

‘‘खोडल्या की पंचेचाळीस उरतात.’’

‘‘मग इथे बसून काय करतेस?’’

तिने पट्टी लावून नऊ ओळी खोडल्या. मग कोट चढवून बाहेर पडली. सोमवारची दुपार, माणसं कामावर. एका दारात कुत्रं, दुसऱ्यात टीव्हीचा आवाज पण उघडायला कुणी नाही. त्या नऊ जणांपैकी दोघंच घरी सापडली; आणखी दोन सह्या पलीकडच्या गल्लीत मिळाल्या. तीन वाजले तेव्हा एकोणपन्नास. चारला कचेरीची खिडकी बंद होते. गोळा करणाऱ्याची स्वतःची सही चालत नाही. ती घरी आली, ‘‘एकोणपन्नास’’ एवढंच म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन रडायलाच बसली.

‘‘एक कमी पडतेय ना?’’ बाहेरच्या खोलीतून एमिल म्हणाला.

ती दारात आली. या माणसाला तिने विचारलंच नव्हतं, कारण विचारून उपयोग नव्हता. आठ वर्षांपूर्वी रॉस्कोने रस्ता साफ करायला पाठवलेल्या गाडीने बर्फाचा ढीग लोटून एमिलची टपालपेटी मोडली होती. तेव्हापासून रॉस्कोचं नाव या घरात निघत नसे.

‘‘तू करशील?’’

‘‘त्या टपालपेटीवाल्यासाठी नाही करत,’’ एमिल म्हणाला. ‘‘फाटकापाशी अडकलेल्या गाडीची वाट बघत मरायची मला हौस नाही, म्हणून करतोय. आण इकडे.’’

तिने मांडीवर फळी ठेवली. पेन धरताच त्याचा हात थरथरायला लागला. पहिलं अक्षर निम्म्यातच घसरलं. मतदार यादीतली त्याची सही तिला पाठ होती, चाळीस वर्षांपूर्वीची, ठसठशीत. तिचा हात आपसूक त्याच्या मनगटाकडे गेला. मग तिने तो मागे घेतला, आणि दुसऱ्या हातात गच्च धरून उभी राहिली. आडनाव लिहिताना एमिल दोनदा थांबला, दम खाल्ला. घड्याळात तीन पंचवीस झाले होते.

चार वाजायला बारा मिनिटं असताना कागदावर शिक्का पडला. बरोब्बर पन्नास, वर एकही नाही. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. एवढी वेडीवाकडी सही कोण धरणार?

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. निवडणूक कचेरीतला माणूस.

‘‘मिसेस हुडाक, एमिल हुडाक यांची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. त्यांनी सही केली तेव्हा तुम्ही समोर होतात का?’’

एकतीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

‘‘होते,’’ बर्नडीन म्हणाली. ‘‘पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. सात मिनिटं लागली त्याला. त्याचा हात आता तसाच चालतो.’’

पलीकडे कागद सळसळले. बर्नडीनने टेबलाची कड धरून ठेवली.

‘‘ठीक आहे,’’ तो माणूस म्हणाला. ‘‘तसं लिहून सही द्यायला दुपारी येऊन जा. मग धरू.’’

तिने फोन ठेवला आणि खाली बसली.

‘‘काय म्हणाला?’’ खुर्चीतून एमिलने विचारलं.

‘‘म्हणाला, तुझ्या नवऱ्याचं अक्षर फार वाईट आहे.’’