पहिल्या दोन भाकरी माफ

आमच्या गल्लीतल्या नानांनी कधी कुणाला ‘कसे आहात’ असं विचारलं नाही. ते विचारायचे, “आज किती कर भरला?” साबण घेऊन येणारी सून असो, बिस्किटाचा पुडा घेऊन पळणारं पोर असो, की औषधाच्या दुकानातून कण्हत निघालेला म्हातारा, सगळ्यांना प्रश्न एकच. मग बिल मागून घ्यायचं, चष्मा पुसायचा आणि केंद्राचा किती, राज्याचा किती, ते आरतीच्या चालीत वाचून दाखवायचं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे घोकून घेतले, पण एवढ्या भक्तिभावानं माझ्या एका पोरानं कधी आकडे म्हटले नाहीत. जळगावच्या जुन्या भागातली आमची गल्ली त्यांना ‘अर्थमंत्री’ म्हणायची. त्यात थट्टा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते खूश व्हायचे.

नाना बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर पेन्शनमधून प्राप्तिकर कापला जायचा आणि तो दिवस नाना सुतक असल्यासारखा काढायचे. “बाई, माझा पैसा घरात यायच्या आधी दारातच लुटतात हो!” असं म्हणत समोरच्या घराकडे बोट दाखवायचे. समोर लॅबवाले डॉक्टर. तीन मजले उभे, चौथ्याची सळई वर निघालेली, आणि सरकारदरबारी माणूस अगदी गरीब. “उत्पन्न लपवता येतं, बाई, ढेकर लपवता येत नाही! हा प्राप्तिकर पुरून टाका आणि देशभर एकच कर लावा, खर्चावर. खाईल तो भरेल!” आता खोटं कशाला बोलू, डॉक्टरांबद्दलचं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. माणसाचं दुखणं खरं असलं की त्याच्या काढ्यावरही आपला विश्वास बसतो.

पण खर्चावर कर मागणारा हा माणूस स्वतः खर्च काय करायचा? डोंबल! दोन सदरे, एक चप्पल, तिलाही तीनदा टाके घातलेले. बायको गेल्यापासून सकाळी दोन भाकरी भाजून घ्यायचे, त्यातलीच एक संध्याकाळी. मुलगा पुण्याला, तो मिक्सर घेऊन आला तर नानांनी तो खोक्यासकट परत पाठवला. मी एकदा तोंडावर म्हटलं, “नाना, तुमचा कर आला तर तुमच्याकडून सरकारला फुटकी कवडी मिळायची नाही.” त्यांचा चेहरा उजळला. “तेच तर! सगळा देश माझ्यासारखा होईल!” मी कल्पना करून पाहिली आणि गपचूप घरात जाऊन जास्त साखरेचा चहा प्याले.

दर बजेटला नाना टीव्ही ओट्यावर आणून ठेवायचे. गल्ली जमायची. चहा मिळायचा नाही, कारण चहा हा खर्च. एका वर्षी मात्र घात झाला. दिल्लीनं करमाफीची मर्यादा वाढवली आणि नानांची पेन्शन आख्खी करमुक्त झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. नाना पडद्याकडे बघत राहिले, लेकीला सासरी पाठवल्यावर बाप बसतो तसे. जन्मभराचं भांडण असं एका मिनिटात काढून घेतलं तर माणसानं करायचं काय? “प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे,” असं ते आठवडाभर सांगत फिरले. ऐकायला कुणी थांबेना. मग त्यांची नजर गल्लीच्या भरीत पार्टीवर पडली.

हिवाळा आला की आमच्याकडे भरीत पार्टी होणार म्हणजे होणार. मोठाली हिरवट वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पार्टी गल्लीतल्याच सोनारशेठच्या मळ्यात. वर्गणीची रीत जुनी: एक कापडी थैली घरोघर फिरायची, ज्याची जशी कमाई तसा त्यानं आत हात घालायचा, आणि कुणी कुणाचं बघायचं नाही. डॉक्टरांचा हात आत गेला की नाणी वाजायची. सोनारशेठ थैली दिसली की “यंदा मंदी आहे” म्हणायचे, ते ज्या मळ्यात उभे राहून म्हणायचे तो मळा त्यांचाच. सगळ्यात मोठी नोट नानांची. ती टाकताना ते डॉक्टरांकडे असे बघायचे की वांगी नुसत्या नजरेवर भाजली गेली असती.

आणि एक हिलालभाऊ. मूळचे पिंपळनेरकडचे, बोली अहिराणी, बाजारात लोटगाडी ओढायचे, गल्लीच्या टोकाच्या खोलीत बायको-मुलांसह राहायचे. थैलीत त्यांची नोट लहान, पण घडी घालून, दोन्ही हातांनी टाकलेली. भरीत ठेचायचं काम त्यांचंच. दुसऱ्या कुणी ठेचलं तर त्यात गाठी राहायच्या. आणि मग ते जेवायला बसायचे! दिवसभर गोणी ओढणारं शरीर ते. सात-आठ भाकरी म्हणजे त्यांची सुरुवात. नाना दरवर्षी त्यांच्याच शेजारी बसायचे. “बाई, हिलालला जेवताना पाहिलं की मला भूक लागते,” असं म्हणायचे. बायको गेल्यानंतर वर्षातून तेवढा एकच दिवस नाना पोटभर जेवत. हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त पुढे नियम ठरवताना नानांच्याच ते लक्षात राहिलं नाही.

नानांनी ओट्यावर सभा घेतली. थैली बंद. ज्यानं जेवढ्या भाकरी खाल्ल्या तेवढे पैसे त्यानं भरायचे. सगळ्यात आधी टाळी वाजवली डॉक्टरांनी. मी म्हटलं, “नाना, आणि ज्याची भूकच मोठी त्यानं काय करायचं?” नाना हसले, या प्रश्नाची ते वाटच बघत होते. “गरिबाची सोय केलीय, बाई. पहिल्या दोन भाकरी सर्वांना माफ!” सोनारशेठनं विचारलं, घरी डबा नेला तर? “घरी नेलेलं म्हणजे बचत. बचतीवर कर नाही.” सोनारशेठ इतके गहिवरले की नानांच्या पाया पडायचेच बाकी राहिले.

त्या वर्षीची पार्टी डोळ्यांसमोरून हलत नाही. नाना चिंचोक्यांची पिशवी घेऊन पंगतीत फिरत होते. भाकरी वाढली की पानाशेजारी एक चिंचोका. डॉक्टरांना पित्त, ते दोनवर थांबले. त्यांच्या घरातले सगळेच दोनवर थांबले आणि ‘बचती’चे हे एवढे डबे भरून घेतले. सोनारशेठनं चार भाकरी खाल्ल्या, पण चिंचोके नातवाला खेळायला दिले. जो ढेकर नानांच्या मते लपवता येत नव्हता, तो असा नातवाच्या मुठीत लपला. मी भाकरी थापता थापता बघत होते आणि माझी तळपायाची आग मस्तकात जात होती.

हिलालभाऊंनी दोन भाकरी खाल्ल्या आणि पानावर आडवा हात धरला. त्यांच्या बायकोनं पोरांकडे नुसतं पाहिलं. पोरांनीही हात आखडले.

“अरे, घे की! तब्येत बरी नाही का?” नाना शेजारी बसत म्हणाले.

“तब्येतले काय धाड भरनी? बठ्ठं बेस शे. पोट भरनं, नाना.”

सकाळपासून पोतंभर वांगी ठेचलेला माणूस, आणि म्हणे पोट भरनं! नानांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग ते हळूच म्हणाले, “खा रे. तुझे मी भरतो.” झालं! एवढा वेळ खाली बघणारे हिलालभाऊ वर बघायला लागले. आवाज चढवला नाही, पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेलं.

“थैलीमा थोडं टाकं, पन मन्हं टाकं. आते तुमन्हा पैसासवर जेवसू ते मी पाव्हना व्हयनू. मी या गल्लीना शे, नाना, पाव्हना नही.”

त्यांनी पत्रावळ उचलली, हात धुतले आणि पुन्हा बडगीपाशी जाऊन उरलेली वांगी ठेचायला बसले. नाना त्या दिवशी एक भाकरीसुद्धा संपवू शकले नाहीत. वर हिशेबात पैसे कमी पडले, कारण जवळजवळ सगळी गल्लीच माफीत बसली होती. फरक कुणी भरला? नानांनी. डॉक्टर म्हणाले, “प्रयोग मात्र उत्तम!” मी त्यांच्याकडे पाठ फिरवून परात घासायला घेतली, नाहीतर हातातली परात कुठे बसली असती देव जाणे.

पुढच्या दिवाळीआधी हिलालभाऊ कुटुंबासकट धुळ्याला गेले. मोठ्या मुलाला तिथे काम लागलं होतं, देवपुरात खोली घेतली होती. भाकरीमुळे गेले असं मी म्हणणार नाही. पण निघताना त्यांनी गल्लीत घरोघर निरोप घेतला आणि नानांच्या दारात मात्र उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले. हिवाळ्यात नानांनी स्वतःच थैली बाहेर काढली. “प्रयोग तात्पुरता स्थगित,” असं जाहीर केलं. चुकलो म्हणतील तर ते नाना कसले! पार्टी झाली. भरितात गाठी होत्या.

दुसऱ्या दिवशी नाना भाकरी-भरिताचा डबा घेऊन माझ्या दारात उभे. “तुमची बहीण देवपुरात राहते ना? वाट तुम्हाला ठाऊक असेल. हिलालकडे जायचंय, चला.” ज्यांनी जन्मात रिक्षा केली नाही त्यांनी धुळ्याच्या स्टँडवरून पांझरा नदीच्या पलीकडे रिक्षा केली आणि भाड्यावरून घासाघीसही केली नाही. हिलालभाऊ घरीच होते. खुर्ची पुसून दिली, विचारपूस केली. नानांनी डबा पुढे केला. “बस, दोन घास बरोबर खाऊ.”

“जेवन व्हयनं आमनं,” हिलालभाऊ म्हणाले. “तुम्ही चहा ल्या.”

चुलीवर तवा होता आणि परातीत पीठ मळलेलं होतं. मी पाहिलं, नानांनीही पाहिलं. आम्ही चहा घेतला. डबा हिलालभाऊंनी ठेवून घेतला, धुऊन परत दिला, आणि रिकामा नको म्हणून त्यात गुळाचा खडा घातला.

परतीच्या एसटीत नाना पारोळ्यापर्यंत मांडीवरचा डबा सावरत राहिले. मग म्हणाले, “बाई, गणित तर बरोबर होतं.” मला दया यायला हवी होती, पण राग आला. म्हटलं, “बरोबर कसलं? दोनच भाकरी माफ का ठेवल्यात? तुम्ही स्वतः दोन खाता म्हणून! आख्ख्या गल्लीला स्वतःचं पोट लावून मोजलंत.” नानांनी डबा उघडला. गुळाचा खडा काढला, अर्धा मला दिला आणि उरलेला हातात धरून बसले. तो चिकट होऊन धोतराला लागला तरी त्यांना पत्ता नव्हता.

देशाला मात्र त्यांनी सूट दिली नाही. शेवटच्या उन्हाळ्यात दवाखान्यात असतानाही सलाईनच्या बाटलीवर किती कर ते नर्सला विचारलं. ती म्हणाली, “आजोबा, झोपा.” त्याच आठवड्यात ते गेले.

तेराव्याच्या गंधमुक्तीला मुलानं गल्लीजेवण घातलं, वरण-बट्टी. डॉक्टर आले, चेहरा पाडून म्हणाले, “फार दूरदृष्टीचा माणूस होता.” पंगत बसली. मी पत्रावळ बाजूला सारली. भांडायला हक्काचं माणूस गेलं की काय होतं ते त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मांडवाच्या दाराशी हिलालभाऊ दिसले. धुळ्याहून पहिल्या गाडीनं आले होते. त्यांनी नानांच्या फोटोला हात जोडले, खिशातून घडी घातलेली नोट काढली आणि तिथल्या ताटात दोन्ही हातांनी ठेवली. मग माझ्या शेजारी मांडी घालून बसले.

बट्टी आली, चुरली, तुपात भिजली, संपली. पुन्हा आली, तीही संपली. “अजून आन, भाऊ,” हिलालभाऊ वाढप्याला म्हणाले आणि मान खाली घालून जेवत राहिले. डोळ्यांतलं पाणी वरणात पडत होतं, हात काही थांबत नव्हता. वाढपी हसून मोजायला लागला तसा मी त्याच्यावर असे डोळे वटारले की तो आकडाच विसरला.

आणि काय सांगू, नाना गेल्यापासून पहिल्यांदा मला भूक लागली. मी बाजूला सारलेली पत्रावळ पुन्हा पुढे ओढली.